दोघींचा कोट

मी एक जुना कोट आहे. रंग राखाडी. एके काळी हाच रंग निळ्याकडे झुकणारा होता, यावर आता कोणाचा विश्वास बसणार नाही. मी एका खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. दार उघडले की भिंत आणि दार यांच्यामध्ये माझा चेहरामोहरा दबून जातो. लावले की खोली दिसते.

मित्रांनो, माझी गोष्ट एका दमात सांगावी असे मला फार वाटत होते. पण कोट म्हणजे मुळात तुकडेच. पाठ वेगळी कापतात, बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी. मग कोणीतरी ते जोडतो आणि लोक म्हणतात, हा कोट. म्हणून ज्या तुकड्याला जे ठाऊक आहे, ते मी त्याच्याच नावाने सांगतो. कुठे शिवण उसवलेली वाटली, तर सांभाळून घ्या.

कापड

एक गिऱ्हाईक माझे कापड घेऊन शिंप्याच्या दुकानात आले. मापे देऊन गेले, ते परत आलेच नाही. शिंप्याने पुष्कळ वाट पाहिली. कापड फळीवर पडून राहिले, घडीच्या रेषेवर धूळ बसली. त्याच सुमारास शिंप्याच्या बायकोला एका गोदामात बढती मिळाली. गोदामात कोणता माल आला आणि कोणता गेला, हे सांभाळण्याचे काम ती करी. आता त्या विभागाची ती मुख्य झाली होती. शिंप्याने फळीवरून कापड काढले आणि तिच्या खांद्यावर टेप ठेवली.

"आणि ते गिऱ्हाईक आलं तर?" ती म्हणाली.

"आलं तर सांगेन, तुमचा कोट नोकरीवर गेलाय. संध्याकाळी येईल."

कापताना त्याने शिवणींच्या आत भरपूर माया ठेवली, म्हणजे दुमडीत जादा कापड. तिने विचारले, एवढी कशाला? तो म्हणाला, "तू आता खुर्चीत बसून काम करणार. अंगानं भरशील."

"भरेन? म्हणजे जाडी होईन?"

"म्हणजे सुखी होशील. शिंप्याच्या भाषेत त्याला असंच म्हणतात."

त्यांना एक मुलगी होती. घरात तिला ठमी म्हणत. मला शिवले तेव्हा ती मशीनच्या पायट्याजवळ बसून चिंध्यांच्या बाहुल्या करी. ती शिंप्याच्या बायकोला आई म्हणे, म्हणून मीही तिला आईच म्हणत आलो. शिंप्याला बाबा.

गोदामात मला मान होता. लोक विचारत, "बाई, कोट कुठून घेतला?" आई म्हणे, "घरातून." संध्याकाळी ती मला ब्रशने झाडी आणि रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर चढवी. ती वर्षे चांगली गेली. चांगल्या वर्षांचे सांगण्यासारखे फारसे नसते. इस्त्री, ब्रश, पुन्हा इस्त्री.

मग गोदाम बंद झाले. मालकाने मोजदादीची यंत्रे घेतली, गोदाम दुसऱ्या गावी नेले, आणि माणसांना सांगितले की तुम्ही इथेच थांबा. त्या दिवशी सगळे फाटकाबाहेर उगाच उभे होते, घरी जायची वाट विसरल्यासारखे.

बाबांचे दुकानही त्याच सुमारास आटले. तयार कपड्यांच्या काळात शिवायला कोण टाकतो? त्यांच्याकडे पँटची लांबी कमी करणे आणि चेन बदलणे एवढेच उरले. दुकानाचा गाळा सोडून त्यांनी मशीन खोलीत आणले. ठमीचे शिक्षण संपले. आणि घरात दोन बायका काम शोधू लागल्या, कोट मात्र एक.

शिवण

मी आईच्या मापाचा. ठमी अंगाने काडी. त्यामुळे या घरात एक रीत पडली. आईला बोलावणे आले की बाबा माझ्या बाजू सैल करत. ठमीला आले की आत घेत. मशीनची पक्की शिवण त्यांनी सोडूनच दिली होती. हाताने लांब धावदोरा घालत, म्हणजे उसवताना कापडाला इजा नको. कमरेपाशी आत, बाहेर, आत, बाहेर. माझा श्वासच तो, म्हणा ना.

शेजारीण विचारी, "आज कोटाची मुलाखत आहे वाटतं?"

"हो," बाबा म्हणत. "बघू या, त्याला तरी घेतात का."

नाही, मित्रांनो. कोणालाच घेत नव्हते. मी किती खोल्या पाहिल्या! सगळ्यांत एकसारख्या खुर्च्या, एकसारखे थंड वारे, आणि भिंतीवर एखादे हसऱ्या माणसांचे चित्र. बाहेर बसलेले उमेदवार एकमेकांकडे बघत नसत; बुटांकडे बघत. आत आईला सांगत, "अनुभव दांडगा आहे हो तुमचा, पण आम्हाला तरुण माणूस हवंय." ठमीला सांगत, "हुशार आहेस, पण अनुभव कुठाय?"

घरी येऊन दोघी आपापली वाक्ये सांगत. बाबा दोरा ओवता ओवता म्हणाले, "मी असं करतो. दोघींना मधोमध शिवून एकच बाई करून देतो त्यांना. हिचं वय आणि तिचा अनुभव."

ठमी इतकी हसली की तिला ठसका लागला. आई पाणी आणायला उठली ती मोरीपाशी बराच वेळ उभी राहिली. पाणी आधीच भरलेले होते.

अस्तर

माझे अस्तर गुळगुळीत आहे आणि ते अंगाला लागून असते, म्हणून पुढचे ते सांगेल.

एकाच कार्यालयातून दोघींना बोलावणे आले. जागा एकच, दिवसही एकच. आईची वेळ आधी, ठमीची त्यानंतर लगेच. ही मोठी गंमत झाली असे आधी सगळ्यांना वाटले. मग कोट आठवला.

"मी येतो," बाबा म्हणाले. "सुईदोरा घेऊन. जिन्यात बसतो. एक बाहेर आली की दुसरीच्या मापाचा करून देतो."

"लोक काय म्हणतील?" ठमी.

"लोक लिफ्टनं जातात. जिन्यात कोण येतंय?"

आणि तसेच झाले. आई मला घालून आत गेली. टेबलामागे एक चष्म्याच्या बाई होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी आईला कामाचे प्रश्न विचारले, आईने उत्तरे दिली. मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक नियम आहे. एका घरातली दोन माणसं आम्ही घेत नाही. नुसती घेत नाही असं नाही, अर्जही धरत नाही. मागे दोन भावांनी मिळून मोठा घोळ घातला होता. तुमच्या घरातलं कोणी आलंय का आज?"

आईची कागदपत्रे माहेरच्या आडनावाची होती. नोकरी तिने त्याच नावावर केली होती, आणि पत्ताही भावाचाच लागला होता. समोर बसलेल्या बाईंना काहीच कळायचा मार्ग नव्हता. पण हो म्हटले असते, तर ठमीला आत यायच्या आधीच परत पाठवले असते.

"नाही," आई म्हणाली. "कोणी नाही."

डावी बाही

मी टेबलाखाली होते. तिने मला मुठीत धरले होते. एवढेच सांगते.

पुन्हा अस्तर

जिन्याच्या वळणावर बाबा पायरीवर फडके अंथरून बसले होते. तोंडात टाचण्या, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान. आईने मला काढले आणि ती नुसत्या पातळ कपड्यात हात चोळत उभी राहिली. ठमीने मला उलटा चढवला. बाबा तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत होते.

"हलू नकोस. टोचलं तर रक्त कोटाला लागेल."

"माझी काळजी नाही, कोटाची!"

"तुला दुसरी कातडी येते गं. कोटाला येत नाही."

आई वाकून तिच्या कानाशी आली. "विचारतील, घरातलं कोणी आलंय का. सांग, कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे मी नाही."

ठमीने मान वळवली. बाबांची सुई थांबली. वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला, तशी आई दोन पायऱ्या खाली उतरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कोणी आलेच असते, तर त्याला वाटले असते की ही एक परकी बाई आहे, चप्पल नीट करते आहे.

बाबांनी दोरा दाताने तोडला. मला सुलटा केला. "जा."

आत मोठ्या बाई ठमीशी बोलता बोलता अडखळल्या. त्यांची नजर माझ्यावर होती. "हा कोट... मघाशी एक बाई येऊन गेल्या. अगदी असाच."

माझ्या आत ठमीचे काळीज असे धडधडू लागले की अस्तरावर ठोके उमटावेत.

"त्याच शिंप्याकडचा असेल," ती म्हणाली.

"तुमची ओळख आहे त्यांच्याशी?"

"नाही."

ती नोकरी ठमीला मिळाली.

बाह्या, दोन्ही

त्या रविवारी घरात आनंद होता. खोटे कशाला सांगू? आई शेजारी जाऊन सांगून आली. ठमीला मी कायमचा मिळालो. बाबांनी माझ्या बाजू आत घेऊन मशीन मारले, पक्के.

पण एका पगारात घर उभे राहीना. आई काम शोधतच होती, आता कोटाशिवाय. काही महिने गेले. मग एक दिवस त्याच कार्यालयातून तिला फोन आला. मोठ्या बाईंनी तिचे नाव लक्षात ठेवले होते. त्या वेळी घेता आले नाही, पण चहापाण्याचे बघायला एक बाई हव्या आहेत. तुम्ही विश्वासाच्या वाटलात.

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "गोदामाची मुख्य होतीस तू."

"गोदाम कुठाय आता?"

"चहाचे कप विसळणार?"

"इथे घरी कोण विसळतं? तुमचा कोट?"

ठमी हळूच म्हणाली, "आई, आणि कळलं तर?"

"कळलं तर दोघींची जाईल. म्हणून कळू द्यायचं नाही." आईने तांदूळ निवडावेत तसे एकेक वाक्य निवडून ठेवले. "तू लवकर निघशील, मी त्याच्याही आधी. बस वेगळी. तिथे मला हाक मारायची नाही. मीही मारणार नाही. आठ तासांचा तर प्रश्न आहे. लहानपणी तू रुसलीस की यापेक्षा जास्त वेळ बोलत नव्हतीस."

मित्रांनो, कार्यालयात चहा देणाऱ्या बाईला कोणी नावाने हाक मारत नाही. तिला मावशी म्हणतात. सगळेच म्हणतात, मोठ्या बाईंपासून दारावरच्या माणसापर्यंत. ही तशी चांगलीच पद्धत आहे, परक्या बाईला नाते देण्याची. पण पहिल्या दिवशी ट्रे घेऊन आई ठमीच्या टेबलापाशी आली, आणि आजूबाजूला सगळे बसले होते, आणि काहीतरी म्हणायलाच हवे होते.

"मावशी, इथे ठेवा," ठमी म्हणाली.

"हो, मॅडम."

त्या दिवशी खुर्चीच्या पाठीवर मी टांगलेला होतो. ठमीने कप उचलला नाही. चहावर साय धरली. थोड्या वेळाने आईनेच येऊन तो कप परत नेला.

सवय होते. कशाचीही होते. दोघी घरी येऊन आधी आधी हसायच्या. "काय मावशी, आज चहात साखर कमी होती." "तुमच्या जिभेला सांगा मॅडम, आईचे लाड विसरायला." बाबा हसत नसत. ते म्हणत, घरात तरी खेळ बंद करा. पुढे हसणे कमी झाले. ठमी घरी आली की हाक न मारताच थेट बोलायला सुरुवात करी: "ऐक ना", "अगं", "हे बघ". त्याआधीचा 'आई' हा शब्द ती गाळू लागली. दिवसभर जो शब्द दाताखाली धरायचा, तो संध्याकाळी मोकळा सोडायला तिला वेळ लागे, आणि तोवर जेवणे होऊन जात.

कॉलर

आई टेबलांमधून जाताना माझी कॉलर नीट करी. तिला ते कळतही नसे. हातात ट्रे, आणि रिकाम्या हाताची दोन बोटे आपोआप कॉलरवर. शिंप्याची बायको ती. दुमडलेली कॉलर तिला बघवत नसे.

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होता. त्याला सगळे पंचनामा म्हणत, कारण पेन हरवले तरी तो चौकशी बसवी. तो एकदा म्हणाला, "मावशी, मॅडमच्या कोटाला हात नका लावत जाऊ. चहाचे हात असतात."

"हो साहेब. चुकून लागला."

ठमी मान खाली घालून काम करत होती. तिच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती.

आतला खिसा

ठमीला अर्धशिशीचा त्रास होता. डोके चढले की तिला उजेड सहन होत नसे. गोळी वेळेवर घेतली तर थांबे. त्या सकाळी ती गोळ्या घरी विसरली. ती निघाल्यावर बाबांना पाकीट दिसले. आई तिच्या आधीच निघून गेली होती. बाबा धावत कार्यालयापर्यंत आले, पण वर कसे जाणार? वर त्यांचे कोणीच नव्हते. ते रस्त्यापलीकडे उभे राहिले. आई दूध घ्यायला खाली उतरली तेव्हा त्यांनी तिच्या हातात गोळी दिली. गोळी कागदात गुंडाळलेली होती.

"दे तिला. चेहरा बघितलास का सकाळी तिचा?"

आता एवढेच तर काम होते, मित्रांनो. एक गोळी पोचवायची. दुसरी कोणी मावशी असती तर तिने सरळ टेबलावर ठेवली असती आणि म्हटले असते, घ्या मॅडम, डोकं दुखतंय ना. आईने तसे का केले नाही, हा प्रश्न मी दारामागे टांगल्या टांगल्या स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. इतके दिवस ती ठमीची कोणी नाही असे दाखवत होती, की साधी माणुसकीसुद्धा तिला पुरावा वाटू लागली होती. ठमीचे डोके दुखते हे मावशीला कसे ठाऊक? तिने ठरवले, गुपचूप खिशात टाकावी. हात घातला की ठमीला सापडेलच.

ठमी जागेवर नव्हती. आईने इकडेतिकडे पाहिले. तेच नडले. माझ्या आतल्या खिशात तिचा हात शिरला, ओलसर, ओळखीचा. गोळी तळाशी पडली. आणि बाहेरून पंचनाम्याने तिचे मनगट धरले.

"मावशी! खिशात हात?"

सगळे उभे राहिले. त्याने तिचा हात वर धरला. हात रिकामा होता.

"अजून काही लागलं नसेल हाताला," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, या रोज या कोटाशी काय करतात."

मोठ्या बाई आल्या. ठमी आली, तिच्या हातात छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता आणि तो तिने कुठे ठेवला हे तिलाही कळले नाही.

"बघ गं, काही गेलंय का," मोठ्या बाई म्हणाल्या.

ठमीने माझ्या खिशात हात घातला. तिच्या बोटांना कागदाची पुडी लागली. बोटे तिच्यावर मिटली आणि तिथेच राहिली. ती बोटे मी लहानपणापासून ओळखतो. ती इतकी गार कधीच नव्हती.

एक शब्द, मित्रांनो. तिच्याकडे तो होता. त्या शब्दाने पंचनाम्याची पकड सुटली असती आणि त्याच शब्दाने दोघींची नोकरी गेली असती. तिने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. फार थोडी. ज्यांना माहीत नव्हते त्यांना वाटले असेल, बाई थरथरते आहे.

"नाही," ठमी म्हणाली. "काही गेलं नाही."

हे खरे होते. खिशातून काही गेले नव्हते.

"मग मावशी, हात कशाला घातला होता?" मोठ्या बाई.

"चुकलं," आई म्हणाली.

"मॅडमची माफी मागा."

आई ठमीसमोर उभी राहिली. "माफ करा, मॅडम."

आणि ठमी म्हणाली, "असू दे, मावशी."

आईला त्याच दिवशी काढले. ठमीचे सगळ्यांनी कौतुक केले. मनाची मोठी आहे म्हणाले.

पाठ

घरी मी ठमीच्या पाठीवरच होतो. ती उंबऱ्याशी थांबली. आई पोळपाट पुसत होती. बाबा मशीनपाशी बसले होते, मशीन बंद होते.

"मी सांगायला हवं होतं," ठमी म्हणाली.

"सांगून काय झालं असतं? दोघी घरी आलो असतो."

"त्यांनी तुला चोर म्हटलं."

"मला नाही. मावशीला म्हटलं." आई उठली, तिने ठमीच्या कपाळाला हात लावून पाहिला. "गोळी घेतलीस?"

ठमीने मूठ उघडली. कागद घामाने चिकटला होता. तिने गोळी घेतलीच नव्हती.

"वेडी," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी तर..." आणि तिथे तिचे बोलणे उसवले. पोळपाट पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, "तुला हाक मारू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. नेमकं हेच ऐकलंस."

ती हसायला गेली. कोणी साथ दिली नाही.

ठमी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. जाणे भागच होते, आता घरात तोच एक पगार होता. पण मला तिने घातले नाही. पुन्हा कधीच घातले नाही. थंडीत ती काकडत गेली. मी खिळ्याला लागलो. हँगर बाबांनी कुठेतरी ठेवून दिला. खिळ्यामुळे माझ्या मानेखाली एक टोक आले आहे, ते इस्त्रीनेही जात नाही.

समोरची बाजू

पुढे आईला एका गोदामातून बोलावणे आले. छोटे होते, खोक्यांचे. माल आला, माल गेला, हेच काम. तिचे जुने, हातात मुरलेले काम! बाबांनी मला उतरवले, ठमीसाठी मारलेले पक्के मशीन सुईने एकेक टाका उचलून काढले आणि मला पुन्हा सैल केले. आईने आरशात पाहिले. ठमी तेव्हा कामावर गेली होती.

त्या गोदामाचे मालक वयस्क होते, सभ्य होते. त्यांनी आईला खोक्यांच्या रांगांतून फिरवले. आईने दोन ठिकाणी माल चुकीचा लागल्याचे सहज बोलून दाखवले, ते खूश झाले. खुर्चीत बसवून त्यांनी स्वतः पाणी दिले. माझ्या आत तिचा श्वास मोकळा चालला होता. असा तो गेली काही वर्षे मी ऐकला नव्हता.

"मधल्या काळात कुठे होतात?"

तिने कार्यालयाचे नाव सांगितले.

"मग ते का सोडलं?"

याचे उत्तर तिने वाटेत पाठ केले होते. प्रकृती बरी नव्हती, असे काहीतरी. बसमध्ये ती ते पुटपुटत होती. पण त्या गृहस्थांनी पाणी दिले होते, बाई म्हणून हाक मारली होती, आणि कितीतरी दिवसांत कोणी तिला खऱ्याखुऱ्या कुतूहलाने काही विचारले नव्हते. ती ताठ बसली. माझी समोरची बाजू वर उचलली गेली, बटणे ताणली.

"तिथे माझी मुलगी नोकरीला आहे," ती म्हणाली. "एका घरातल्या दोघी त्यांना चालत नाहीत. म्हणून मी सोडलं. तिचं सगळं व्हायचंय अजून."

मित्रांनो, हे तिने पहिल्यांदाच घराबाहेर म्हटले होते. माझी मुलगी. मी कापड आहे, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मी पुन्हा निळ्याकडे झुकलो असेन.

"वा!" ते गृहस्थ म्हणाले. "लेकीसाठी नोकरी सोडणारी आई. असं माणूस मला हवंय. अहो, तिथल्या मोठ्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मुलीचं नाव काय? आत्ता फोन करतो. तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द ऐकले की उद्यापासून या."

त्यांनी फोन उचलला.

"नको," आई म्हणाली.

"अहो, एक मिनिटाचं काम."

"नको, साहेब. फोन नको."

"का?"

"मुलगी म्हणजे..." तिने माझे मधले बटण धरले. "मुलीसारखी. तिथे एक होती. मी मुलगी मानत होते. माझी नाही."

त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते गोंधळले होते, आणि मग हळूहळू सावध झाले. "म्हणजे तुम्हाला मुलगी आहे की नाही?"

खोक्यांच्या रांगांमधून कोणीतरी ढकलगाडी नेत होते. तिचे एक चाक करकरत होते. ते पार पलीकडे गेले.

"नाही," ती म्हणाली.

"ठीक आहे. कळवतो."

बाहेर वारा होता. तिने मला अंगातून काढले, घडी घातली आणि बाळाला धरावे तसे छातीशी धरून घरी आणले. बाबांनी विचारले, काय झाले? ती म्हणाली, "कळवतो म्हणाले." ठमीने संध्याकाळी विचारले, तिलाही तेच सांगितले. ते अजून कळवत आहेत.

मित्रांनो, मी वस्तू आहे. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणी टेबलाच्या अलीकडे बसेल, कोणी पलीकडे. पलीकडे बसलात, तर समोरच्याला काय काम येते ते विचारा. आपल्या माणसाला नाकारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, असे काही विचारू नका. अलीकडे बसलात तर काय करायचे, ते मला सांगता येत नाही. असा प्रश्न आला तेव्हा मी तीनदा तिथे होतो आणि मला अजून कळलेले नाही.

पण एक करा. घरी कोणी दिवसभर परक्यासारखे वागून, दमून, दाराशी आले असेल, तर त्याला नात्याने हाक मारा. मोठ्याने मारा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ द्या. त्यासाठी अजून तरी कोणाची परवानगी लागत नाही.

या खोलीत ती हाक येईल, म्हणून मी दारामागे कान देऊन असतो. दार उघडते. मी भिंतीशी दबतो. पावले आत येतात, चप्पल काढल्याचा आवाज होतो, आणि ठमी म्हणते, "ऐक ना."